नव्या लादीवरचा ओला डाग

गेल्या महिन्यात इथे ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "कुत्र्याच्या लघवीचा वास पावसाळ्यात परत येतो, काय करू?" मी लांबलचक उत्तर दिलेलं. एन्झाइमचं क्लीनर कसं वापरायचं, फिनाइल का नाही, मोझॅकवर व्हिनेगर का नाही... बऱ्याच जणांनी आभार मानले. पण त्या उत्तरात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणाली, "लिहून टाका एकदा, म्हणजे सुटाल." म्हणून लिहितोय. सुटेन असं वाटत नाही.

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. सोसायटीत कुणी जिन्यात उतारा ठेवला तर तो उचलून कचऱ्यात टाकणारा मी. सत्तावीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या, माल तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये काम करतोय. वास हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. बाटलीचं झाकण उघडलं की लेबल न वाचता आत काय आहे ते सांगतो — चांगली सवय नाही ही, नव्या पोरांना मी यावरूनच ओरडतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की माझं नाक सहसा फसत नाही.

आम्ही ठाकुर्ली पूर्वेला राहतो. तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉल, किचन, एक बेडरूम आणि हॉलला लागून एक बाल्कनी. बाल्कनीला सरकतं दार, कोपऱ्यात पाणी जायला जाळी. त्या दाराजवळच आईचा दिवाण. घरात मी, माझी बायको मेधा आणि आई. आई आता एकोणऐंशीची. मुलगी लग्न होऊन नाशिकला.

आणि होता भुऱ्या.

वडील गेले त्या वर्षी आईने खालून एक पिल्लू उचलून आणलं. मातकट रंगाचं, एक कान पडलेला. मी नाही म्हणालो होतो. आई म्हणाली, "तुम्ही दोघं सकाळी जाता ते संध्याकाळी येता. मी दिवसभर भिंतींशी बोलू काय?" संपला विषय. पुढची चौदा वर्षं तो आईच्या पायाशी होता. शहाणा कुत्रा होता, खोटं कशाला बोलू. आईला जिने उतरवेनासे झाल्यावर तिने त्याला बाल्कनीतल्या जाळीपाशी जायला शिकवलं, वर ती बादलीभर पाणी ओतायची. घरात कधी घाण केली नाही त्याने.

मागच्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता सांभाळायचं फक्त. एप्रिलपासून तो घरात करायला लागला. दिवाणाच्या कडेला, दिवाण आणि बाल्कनीच्या दाराच्या मधे, सोफ्याच्या पायाशी. पाणी प्यायचा आणि तासाभरात ते बाहेर. पातळ, जवळजवळ रंग नसलेलं... आणि त्याला तो एक वेगळा वास. नेहमीच्या कुत्र्याच्या लघवीसारखा उग्र नाही. थोडासा गोडसर, शिळा, खाली कुठेतरी अमोनिया. किडनी गेलेल्या प्राण्याचा वास. एकदा घेतला की विसरत नाही.

मी दिवसभर उभं राहून, कंपनीतल्या ऑडिटची डोकेदुखी घेऊन घरी यायचो आणि पहिलं काम फरशी पुसणं. चिडचिड व्हायची. मे महिन्यात एका संध्याकाळी दारातून आत आलो, दिवाणापाशी गेलो तर मोजा भिजला. त्या दिवशी माझा तोल गेला. भुऱ्याला पट्ट्याला धरून त्या डागापर्यंत ओढत नेलं आणि ओरडलो, "कळत नाही तुला? लाज नाही वाटत?" तो माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून उभा होता, मागचे पाय थरथरत होते.  आई फडकं घेऊन स्वतःच खाली वाकली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तो आईच्या पायाशी गेला.

जून उजाडला आणि वास परत आला.

यात काही अमानवीय नाही, हे मी त्या उत्तरातही लिहिलं होतं. लघवीतल्या युरिक ॲसिडचे खडे पाण्याने विरघळत नाहीत. तुम्ही पुसता, वरचं जातं, खडे लादीच्या छिद्रांत बसून राहतात. हवा कोरडी आहे तोवर गप्प. पावसाळ्यात दमट झाली की पुन्हा वास सुटतो. आमच्याकडे तर जून ते सप्टेंबर भिंतीच घाम गाळतात, दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही.

तर मी कामाला लागलो. यूव्ही टॉर्च आणला, दिवे बंद करून घर तपासलं. जिथे जिथे पिवळट-हिरवं चमकलं तिथे खडूने गोल केले. हॉल बघून मेधा म्हणाली, "अहो, हे पोलिसांनी पंचनामा केल्यासारखं दिसतंय." हसलो आम्ही. तेव्हा हसू येत होतं अजून. मग एन्झाइमचं लिक्विड ओतून, वर प्लॅस्टिक अंथरून रात्रभर ठेवायचं, सकाळी टिपून घ्यायचं. गालिचा टाकून दिला. सोफ्याची गादी टाकली. दिवाणाचा खालचा प्लाय फुगला होता, तो बदलून घेतला. भिंतीचे तळाचे पोपडे खरवडून नवा थर दिला. कोळशाच्या पिशव्या ठेवल्या, एसी दिवसभर ड्राय मोडवर. जुलैचे सगळे रविवार यात गेले. माझे हात लिक्विडने सोलवटलेले, कंबर धरलेली. पण वास हळूहळू उतरला. जुलैच्या शेवटी टॉर्च मारला तर हॉलमध्ये एकही ठिपका चमकला नाही.

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी घरी आलो, तर दिवाण आणि बाल्कनीच्या दाराच्या मधे ओलं होतं.

वास नाही — ओलं. ताटलीएवढं, ताजं. मी फडकं आणायला वळलो आणि मधेच थांबलो. कारण पुसायचं काय, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला. भुऱ्या जाऊन अडीच महिने झाले होते.

छत बघितलं. कोरडं. एसी समोरच्या भिंतीला, तिथून थेंब इथे येणं शक्य नाही. बाल्कनीचं दार बंद, दाराच्या पट्टीत पाणी नाही. आई दिवाणावर बसून शेंगा सोलत होती.

"आई, हे काय सांडलं?"

"काही नाही रे. पूस."

दोन दिवसांनी परत. मग एक दिवस आड. दरवेळी तीच जागा. त्या जागेवर मी वाकून बसलो आणि नाकाने सांगितलं ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. घरात त्या वेळी फक्त आई असायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेली, हल्ली गॅस बंद केला की नाही हे दोनदा विचारणारी आई. दुसरं कुणी होतं का ज्याच्यावर संशय घ्यावा?

मेधानेच विषय काढला, जपून. "अहो... आईंना डॉक्टरकडे नेऊया का? या वयात होतं. त्यांना सांगायची लाज वाटत असेल."

मी आईला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "झालं असेल माझ्याकडूनच," म्हणाली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. वयामुळे असू शकतं म्हणाले. मी मोठ्या माणसांचे डायपर आणले. पिशवी दिवाणावर ठेवली तेव्हा आईने ती उघडूनही बघितली नाही, उशीखाली सरकवली. आयुष्यभर कुणाचा घोटभर उष्टा चहासुद्धा न घेणारी, रोज दोनदा अंघोळ करणारी बाई. तिने ते मुकाट्याने वापरायला सुरुवात केली.

डाग थांबला नाही.

मेधा म्हणाली, "डायपर कोरडा असतो हो रोज." मी म्हणालो, काढत असेल मधे. तुम्हाला खरं सांगू, मी इतका थकलो होतो की मला फक्त एक कारण हवं होतं. आणि एके दिवशी पुन्हा तो डाग बघितल्यावर माझ्या तोंडून गेलं, "आई, सांगता येत नाही का? लहान आहेस का तू?" आवाज तोच होता. मे महिन्यातला. मला तो स्वतःलाच ऐकू आला.

आई मान खाली घालून बसली.

त्याच आठवड्यात ठरवलं, लादीच उकरून टाकायची. जुनी मोझॅक आहे, पाणी पिते, खाली रेती. किती काय मुरलं असेल कुणाला ठाऊक! आईला आठ-दहा दिवस नंदाताईकडे ठेवायचं. नंदाताई म्हणजे माझी मोठी बहीण, ती ठाण्याला बाळकुमला टॉवरमध्ये राहते. आईला सोडायला गेलो तेव्हा ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "इथे झालं तर मी बघीन, तू काळजी करू नकोस." परत येताना माझ्या मनात काय होतं सांगतो. सुटका झाल्यासारखं वाटत होतं. आईपासून.

मिस्त्रीने हॉलची सगळी लादी काढली. दिवाणाच्या जागेखालची रेती हातात घेऊन म्हणाला, "साहब, ये तो काली हो गयी है." सगळी पोत्यांत भरून नेली. सिमेंटचा नवा थर, वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, जोडांत इपॉक्सी. ज्याच्यात थेंब मुरायला जागाच नाही असं. शुक्रवारी काम संपलं, शनिवारी मेधाने घर धुऊन काढलं. रोज संध्याकाळी मी ताईला फोन करायचो. ती म्हणायची, "अरे, इथे काहीच नाही. एकदासुद्धा नाही. आईने ते घालायचंही सोडलंय."

रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर बारीक पाऊस, घरातले दिवे लावलेले. बाल्कनीचं दार बंद, एसी बंद. मी खुर्चीत, मेधा खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. आमच्याशिवाय घरात कुणी नव्हतं.

मेधा एकदम थांबली. "अहो."

मी बघितलं. दिवाण आणि दाराच्या मधे, कोऱ्या टाइलवर, रुपयाएवढं ओलं होतं. आणि ते पसरत होतं. आमच्या डोळ्यांसमोर! कडा हळूहळू पुढे सरकत होती, जसं कुणीतरी धरून ठेवलेलं सोडावं आणि ते संपेना. वरून थेंब पडत नव्हता. आवाज नव्हता. वाटीएवढं झालं, मग ताटलीएवढं, आणि थांबलं. दहा-बारा सेकंद, जास्त नाही.

मी उठून गेलो, गुडघ्यावर बसलो आणि हात लावला. कोमट होतं.

आणि वास... गोडसर, शिळा, खाली अमोनिया. आता नाकारायला काही उरलंच नव्हतं.

मला वाटलं मेधा किंचाळेल. ती रडायला लागली. घाबरून नाही. म्हणाली, "आपण आईंना काय काय ऐकवलं हो..."

माझ्या हातांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. भुऱ्याच्या औषधासाठी आणलेली एक नवी सिरिंज घरात होती, तिच्यात ते ओढून घेतलं, स्वच्छ बाटलीत भरलं, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलं. मग आम्ही कपडे बदलले आणि बाळकुमला गेलो.

आई ताईच्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसली होती. ताई चहा ठेवायला आत गेली, मेधाही तिच्या मागोमाग गेली. मी आईसमोर खाली बसलो.

"आई, तू नव्हतीस ना ती?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. "दिसलं तुला?"

"मेधालाही."

"बरं झालं." "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस? आई, मी तुला डायपर घालायला लावला! तू का अंगावर घेतलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, संजू? एक तर मला वेडी ठरवलं असतंस. नाहीतर कुणाला तरी बोलावून त्याला घालवलं असतंस. जाता जाता त्याने कमी ऐकलं काय?" आवाज चढलेला नव्हता. नेहमीचा होता. "माझं काय रे, मी ऐकून घेते. माझी समजूत आहे. त्याला काय कळणार, आपण काय चुकलो ते?"



मग ती म्हणाली, "तो घाण करणारा नव्हता. एप्रिलमध्ये तू एसी बसवलास, तेव्हापासून ते दार बंद असतं. तो दाराशी जाऊन उभा राहायचा. माझ्याकडे बघायचा. मी उठेपर्यंत, ते जड दार सरकवेपर्यंत त्याला धरवायचं नाही. रोज बघायचे मी. तुला सांगायचं राहून गेलं... आणि नंतर सांगून उपयोग नव्हता."

एसी मीच बसवला होता. आईला उकडतं म्हणून.

त्या संध्याकाळी तिला आम्ही घरी घेऊन आलो. येताना रिक्षात तिने माझा हात धरला होता. माफी मी मागितली की नाही, आठवत नाही. मागायला हवी होती.

सोमवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि बाटली घेऊन डोंबिवलीला एका जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. भुऱ्याच्या नाही, मुद्दाम दुसऱ्या. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं सॅम्पल आहे, वय चौदा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"त्या कुत्र्याचे मालक तुमच्या ओळखीचे आहेत ना?"

"हो."

"मग त्यांना नीट सांगा. किडन्या जवळजवळ संपल्यात त्याच्या. पाणी जसंच्या तसं बाहेर येतंय, प्रोटीन जातंय. फार दिवस नाहीत." मग म्हणाले, "आणि घरात केलं तर त्याला रागावू नका म्हणावं. जनावराला कळत असतं हो कुठे करायचं ते. धरवत नाही, एवढंच."

मी लॅबच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो. बरं म्हणालो, फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसलो. एक सहकारी विचारून गेला, तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, दमलोय.

आता तुम्ही शंका काढाल, त्या मी आधीच काढून झाल्यात. सॅम्पल कुत्र्याचं असं मीच सांगितलं, म्हणून त्यांनी कुत्र्याचं धरलं — मान्य. पण किडनीचं मी सांगितलं नव्हतं. दमट हवेत गुळगुळीत टाइलवर पाणी सुटतं — मान्य, पण ते सगळीकडे सुटतं, एका जागी कोमट नाही सुटत. जुन्या रेतीतून वर आलं? रेती पोत्यांतून गेली होती. दोघांना एकाच वेळी भास? होत असेल. भासातलं पाणी बाटलीत भरून ठेवता येत नाही. ती बाटली आणि तो रिपोर्ट, दोन्ही मी नंतर टाकून दिले. का टाकले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कुणाला दाखवावंसं वाटेना.

आईने घरी आल्यावर एकच गोष्ट सांगितली. बाल्कनीचं दार वीतभर उघडं ठेवायचं. पाऊस आत येतो, एसीचा उपयोग होत नाही, दाराशी पायपुसणं ओलं होतं. आम्ही ठेवतो. त्या दिवसापासून हॉलमधली टाइल कोरडी आहे. वासही नाही. डायपरची उरलेली पिशवी मेधाने बिल्डिंगमधल्या एका आजोबांना देऊन टाकली.

आईवरचा संशय मनात धरून मी जो महिना घालवला, तो मात्र कुठल्या लिक्विडने निघत नाही. ती काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गणपतीनंतर पाऊस कमी झाला, दिवाळीला हवा कोरडी झाली. पावसाळाभर बाल्कनी ओलीच असते, तिथे काय होतं काय नव्हतं कळायला मार्ग नव्हता. कोरड्या हवेत मात्र कळलं असतं. आई अजून रोज सकाळी जाळीपाशी बादलीभर पाणी ओतते. गुडघे दुखतात तरी कुणाला ओतू देत नाही. तिच्याआधी तिथे जाऊन फरशी बघणं मला सहज शक्य आहे, मी साडेपाचला उठतो. वर्ष होत आलं. मी एकदाही गेलेलो नाही.